छोट्या पडद्यावरचे दिवंगत कलावंत : बातमीतले आणि आपल्या आठवणीतले

नौपाडाकर (ठाणे)

2025 चा श्रावण ते दिवाळी हा काळ दूरदर्शनच्या जुन्या प्रेक्षकांना फार जड गेला. 18 ऑगस्टला अच्युत पोतदार आपल्या ठाण्यातच गेले. 28 ऑगस्टला बाळ कर्वे, 15 ऑक्टोबरला ‘महाभारत’मधला कर्ण म्हणजे पंकज धीर, आणि दिवाळी सरते न सरते तोच 25 ऑक्टोबरला सतीश शाह. प्रत्येक बातमीनंतर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली आणि तासाभराने टाकीच्या सफाईची चर्चा पुन्हा सुरू झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, जगरहाटीच ती. खटकले ते वेगळेच.

पोतदारांची बातमी जिथे वाचावी तिथे ते ‘थ्री इडियट्स’मधले प्राध्यापक होते. सतीश शाह ‘जाने भी दो यारों’मधले प्रेत होते. या भूमिका उत्तमच आहेत, परंतु ही माणसे आपल्या घरात आली ती चित्रपटगृहाच्या वाटेने आली नाहीत. ती संध्याकाळी, लाकडी शटर सरकवून उघडायच्या त्या पेटीतून आली, आपण जेवत असताना आली, आणि आठवड्याच्या ठरलेल्या वारी पुन्हा येत राहिली. मृत्युलेखात मात्र दूरचित्रवाणीवरचे काम ‘काही मालिकांतही त्यांनी भूमिका केल्या’ अशा एका वाक्यात उरकले जाते. यातून बाळ कर्वे तेवढे सुटले, कारण ‘चिमणराव’मधल्या गुंड्याभाऊची ओळख त्यांना अशी काही चिकटली होती की तिला बाजूला सारून त्यांच्याविषयी लिहिणे कोणालाच शक्य नव्हते. दिलीप प्रभावळकरांच्या किडकिडीत, घाबरट चिमणरावांशेजारी कर्व्यांचा तो धिप्पाड, निर्धास्त गुंड्याभाऊ उभा राहिला की संवाद सुरू होण्याआधीच घरात हसे पिकत असे. वयाच्या 95 व्या वर्षी ते गेले, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस केलेली ती भूमिका जवळपास अर्धशतक त्यांच्यासोबत राहिली.

ठाण्यापुरते बोलायचे तर रवी पटवर्धन हे नाव मला सर्वांत आधी लिहावेसे वाटते. डिसेंबर 2020 मध्ये ते गेले, ठाण्यातच. नव्या पिढीला ते ‘अग्गबाई सासूबाई’मधले आजोबा म्हणून ठाऊक आहेत. माझ्यासारख्यांना ते ‘आमची माती आमची माणसं’मधल्या ‘गप्पागोष्टीं’चे वस्ताद पाटील म्हणून आठवतात. तो कार्यक्रम शेतकऱ्यांसाठी होता. आमच्या चाळीत शेती कोणाचीच नव्हती, तरी बियाणे, कीड आणि पीककर्ज यांवरची चर्चा आम्ही निमूटपणे ऐकत असू, याचे श्रेय त्या आवाजाला आणि त्या भरघोस मिशांना. पटवर्धन रिझर्व्ह बँकेत नोकरीला होते, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्यांचा पाटील बोलताना मध्येच थांबे, समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून घेई आणि मगच मान हलवी. त्या थांबण्यात गावच्या चावडीवर आयुष्य घालवलेल्या माणसाचा सगळा डौल होता.

इथे एक निरीक्षण नोंदवतो. बाळ कर्वे मुंबई महापालिकेत नोकरी करत होते, पटवर्धन रिझर्व्ह बँकेत, पोतदार आधी लष्करात आणि मग इंडियन ऑइलमध्ये. मराठी दूरचित्रवाणीची पहिली पिढी बव्हंशी अशा नोकरदारांची होती. पडद्यावरचा कारकून, सेवानिवृत्त काका, बँकेतला साहेब खोटा वाटत नसे, कारण त्या माणसाने सहीचा शिक्का, रजेचा अर्ज आणि 8:12 ची लोकल हे सगळे स्वतः अनुभवलेले असे. आजच्या मालिकांतल्या वडिलांनी कधी हजेरीपटावर सही केली असेल, असे मला तरी वाटत नाही. (हा माझा पूर्वग्रह असू शकतो, पण तो मी सोडणार नाही.)

या धाग्यावर केवळ श्रद्धांजली नको, अशी विनंती आहे. ज्यांना आपण दूरचित्रवाणीवर पाहिले त्या दिवंगत कलावंतांचे नेमके काय आठवते, ते लिहावे.

वाशीची रहिवासी

नौपाडाकर, धाग्याबद्दल आभार. मी प्रिया तेंडुलकर यांच्याविषयी लिहिते.

1985 मध्ये ‘रजनी’ लागायची तेव्हा आम्ही वाशीला सिडकोच्या घरात राहत होतो. त्या काळी वाशीला रेल्वे आलेली नव्हती, ती 1992 मध्ये आली. मुंबईला जायचे म्हणजे खाडीपुलावरून बसने. मालिकेच्या वेळी मजल्यावरच्या बायका आमच्याकडे जमत, कारण दूरदर्शनचा अँटेना आमच्याच गच्चीवर वरळीच्या दिशेने नीट धरला जात असे. कृष्णधवल पडद्यावर बाबांनी वर निळा, मध्ये गुलाबी आणि खाली हिरवा असा प्लास्टिकचा कागद लावला होता. त्यामुळे रजनीचे कपाळ नेहमी निळे आणि साडीच्या निऱ्या नेहमी हिरव्या दिसत, मग ती स्वयंपाकघरात असो की सरकारी कचेरीत.

गॅस सिलिंडरच्या भागानंतर आमच्या मजल्यावरच्या एका काकूंनी सिलिंडर आणणाऱ्या माणसाला प्रथमच वजन करून दाखवायला सांगितले होते. मालिकेचा परिणाम वगैरे मोठे शब्द मी वापरत नाही, मी फक्त त्या काकूंचा चेहरा पाहिला आहे. प्रिया तेंडुलकर रजनीची भूमिका करताना कधीच किंचाळत नसत. पदर खांद्यावर नीट घेऊन, आवाज न चढवता त्या प्रश्न विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलत नसत. आमच्या आयांना ते न हलणेच नवे होते. बासू चटर्जींच्या दिग्दर्शनात हा संयम असणारच, परंतु दुसरी कोणी अभिनेत्री असती तर ती रजनी भांडकुदळ झाली असती, असे मला आजही वाटते.

19 सप्टेंबर 2002 रोजी त्या गेल्या तेव्हा त्यांचे वय अवघे 47 होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्यांचा उल्लेख विजय तेंडुलकरांची कन्या असा केला. तो खराच होता, पण आमच्या इमारतीत तेंडुलकरांची नाटके पाहिलेले कोणीही नव्हते आणि रजनीला न ओळखणारेही कोणी नव्हते.

घंटाळी_कट्टा

धागा वाचनीय आहे, परंतु मूळ मांडणीशी मी पूर्णपणे सहमत नाही.

अच्युत पोतदारांना नव्या पिढीने ‘थ्री इडियट्स’मुळे ओळखले, यात हानी कोणती? माझा मुलगा आता महाविद्यालयात आहे. त्याने त्या एका प्रसंगामुळे पोतदारांना ओळखले, म्हणूनच पुढे ‘माझा होशील ना’मध्ये अप्पा दिसताच तो आमच्यासोबत मालिका पाहायला बसला. पोतदार चित्रपटांत आले तेच मुळी चाळिशी उलटल्यावर. इतक्या उशिरा सुरुवात करून सव्वाशेच्या आसपास चित्रपट आणि शिवाय ‘भारत एक खोज’, ‘वागले की दुनिया’ यांसारख्या मालिका ज्यांनी केल्या, त्यांना कोणी कोणत्या दाराने आत घेतले याचा हिशेब आपण कशाला ठेवावा? चित्रपट पुन्हा पुन्हा दाखवला जातो, मालिका दाखवली जात नाही. जे दिसते तेच लोकांच्या लक्षात राहते, एवढे साधे गणित आहे.

सतीश शाह यांच्याबाबतीत तर चित्रपट आणि मालिका असा भेद करणेच कठीण. ‘ये जो है ज़िंदगी’मध्ये ते प्रत्येक भागात निराळ्या माणसाच्या रूपात येत. आठवड्याला एक नवी चाल, नवी मिशी, नवा प्रांत, नवी बोली. पुढे 2004 मध्ये ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’त तेच गृहस्थ घरातल्या घरात, सोफ्यावर बसून, केवळ बायकोची आणि मुलाची फिरकी घेत राहिले. हातपाय न हलवता! दोन्ही टोके एकाच नटाची आहेत. त्यांच्यावर लिहायचे तर मी या दोन मालिकांपासून सुरुवात करीन, हे मात्र नौपाडाकरांना मान्य करतो.

नौपाडाकर (ठाणे)

घंटाळी_कट्टा, ‘जे दिसते तेच लक्षात राहते’ हे तुमचे वाक्य पटले. माझे म्हणणे त्याच्याच पुढचे आहे. जे आता दिसत नाही ते आपण लिहून ठेवले पाहिजे, कारण ते पाहिलेले साक्षीदार आपणच उरलो आहोत. सतीश शाहांच्या त्या वेशांतरांविषयी सवडीने सविस्तर लिहा.

खारेगाव_खाडी

28 मार्च 2020 पासून टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले, तेव्हा मी ते सकाळी नऊला आणि रात्री नऊला, दोन्ही वेळा पाहत असे. माझी आई 1987 मध्ये रविवारी सकाळी आंघोळ करून मालिकेला बसायची. या वेळी ती आरामखुर्चीतून पाहत होती आणि प्रत्येक पात्र आले की एकच प्रश्न विचारायची, ‘हे आहेत का रे अजून?’

उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच द्यावे लागे. मंथरा झालेल्या ललिता पवार 1998 मध्येच गेल्या होत्या. कौसल्या म्हणजे जयश्री गडकर 2008 मध्ये, इंद्रजित झालेले विजय अरोरा 2007 मध्ये आणि हनुमान म्हणजे दारासिंग 2012 मध्ये. जयश्रीबाई आणि दशरथ झालेले बाळ धुरी हे प्रत्यक्षातही पतिपत्नी, ही गोष्ट आईला दशरथाच्या मृत्यूचा भाग पाहताना विशेष आठवली. पती गेल्याचा आकांत पडद्यावर ज्यांनी केला, त्याच प्रत्यक्षात आधी गेल्या होत्या.

परंतु आईला सर्वांत जास्त चटका लावला तो भरताने. संजय जोग हे आपले मराठी नट. 27 नोव्हेंबर 1995 रोजी, चाळिशीतच ते गेले. चित्रकूटची भरतभेट पाहताना मला प्रथमच जाणवले की रामाचे काम तिथे तुलनेने सोपे आहे, त्याला स्थिर राहायचे आहे. भरताला एकाच प्रसंगात भाऊ, अपराधी, वारस आणि याचक असे सगळे व्हायचे आहे. जोगांनी ते डोळ्यांनी केले आहे. पादुका घेतल्यावर ते त्या आधी छातीशी धरत नाहीत, मस्तकावर ठेवतात, आणि त्यानंतर त्यांची मान वर होतच नाही. लहानपणी मी हा प्रसंग पाहिला होता, पण तेव्हा माझे सगळे लक्ष लढाई कधी सुरू होते याकडे होते.

त्याच काळात रावण झालेले अरविंद त्रिवेदी आपल्या घरी बसून सीताहरणाचा प्रसंग पाहत असल्याची चित्रफीत सगळीकडे फिरली होती. पुढे मे 2021 मध्ये त्यांच्या निधनाची अफवा पसरली आणि लक्ष्मण झालेल्या सुनील लहरींना ती खोटी असल्याचे जाहीर करावे लागले. ते प्रत्यक्ष गेले ऑक्टोबर 2021 मध्ये. विक्रम गोखल्यांच्या वाट्यालाही हेच आले. ते पुण्यात अत्यवस्थ असताना दोन-तीन दिवस आधीच श्रद्धांजल्या सुरू झाल्या, कुटुंबीयांना खुलासा करावा लागला, आणि 26 नोव्हेंबर 2022 रोजी ते गेले. रुग्णालयाबाहेर बसलेल्या माणसांनी आपल्याच माणसाच्या मृत्यूचा इन्कार करत राहावे, हे क्रौर्य आहे. श्रद्धांजलीत पहिला नंबर लावण्याची ही घाई आपल्यापैकी अनेकांनी केलेली आहे.

जुनी_फीत (कोपरी)

घंटाळी_कट्टा यांनी मालिका पुन्हा दाखवली जात नाही असे लिहिले. त्यामागचे एक कारण सांगतो.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. सुरुवातीच्या वर्षांत ध्वनिचित्रफिती अतिशय महाग होत्या, त्यामुळे प्रसारण झाले की त्याच फितीवर नवा कार्यक्रम मुद्रित केला जाई. हा केवळ आपल्याकडचा हलगर्जीपणा नव्हता, ब्रिटनमध्ये बीबीसीनेही आपले कित्येक कार्यक्रम असेच पुसले. पण परिणाम असा की त्या काळात ज्यांनी उत्तम कामे केली, त्यांचा पुरावा उरला नाही. नाटकाचे निदान पुस्तक उरते, चित्रपटाची प्रत उरते. दूरदर्शनवरच्या ‘गजरा’ या कार्यक्रमातल्या एखाद्या प्रवेशाचे काय उरले? तो पाहिलेल्या माणसांची स्मरणशक्ती, आणि तीही आता साठीपुढची.

या संदर्भात विनय आपटे यांची आठवण येते. 7 डिसेंबर 2013 रोजी ते गेले. बातम्यांत प्रामुख्याने खलनायक आणि भारदस्त आवाजाचे नट म्हणून त्यांचा गौरव झाला. ते मुंबई दूरदर्शनवर निर्माते होते, ‘गजरा’ त्यांच्या हातून घडला, आणि पुढे 1999 मध्ये अल्फा मराठी (आताची झी मराठी) सुरू झाल्यावर ‘आभाळमाया’च्या दिग्दर्शनातही ते होते. म्हणजे मराठी दूरचित्रवाणीच्या दोन्ही युगांच्या पायाभरणीत एकच माणूस. तरीही त्यांचा चेहरा ज्यांना आठवतो, त्यांना हे आठवत नाही.

भक्ती बर्वे यांचेही तसेच. ‘ती फुलराणी’ म्हणून त्या अजरामर आहेत, पण आमच्या घरात त्या आधी बातम्या सांगायला आल्या. शब्दाचा शेवट न गिळता मराठी कशी बोलावी, हे माझ्या वडिलांनी मला त्यांच्याकडे बोट दाखवून शिकवले. 12 फेब्रुवारी 2001 रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्यांचा अपघाती मृत्यू झाला. पुढे डिसेंबर 2012 मध्ये त्याच मार्गावर आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. चित्रीकरण मुंबईत आणि घर किंवा प्रयोग पुण्याकडे, अशी ओढाताण करणाऱ्या कलावंतांचा हा रस्ता आहे.

नेरूळ_पूर्व

रीमा लागूंबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. 18 मे 2017 च्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर एकच शीर्षक होते, हिंदी चित्रपटातली आई गेली. आमच्या घरी मात्र ‘तू तू मैं मैं’मधली सासू गेली. सुप्रिया पिळगावकरांच्या सुनेला उत्तर देण्याआधी त्या अर्धा क्षण ओठ मिटून घेत, भुवई किंचित वर जाई, आणि मग वाक्य येई. ते वाक्य हिंदी असले तरी त्याची लय अस्सल गिरगावातली होती. रंगभूमीवरच्या नटीला विनोदात वेळ किती आणि कुठे घ्यायचा हे शिकवावे लागत नाही. चित्रपटांनी त्यांना वर्षानुवर्षे नायकाच्या डोक्यावरून हात फिरवायला लावले. त्यांच्यातली खट्याळ बाई फक्त छोट्या पडद्याला सापडली. ‘श्रीमान श्रीमती’मध्येही तेच, आणि तिथले जतीन कनाकिया तर 1999 मध्येच गेले.

वागळे_इस्टेट_22

‘नुक्कड’. त्यातला दारुडा खोपडी म्हणजे समीर खक्कर 15 मार्च 2023 रोजी गेले. करीम न्हावी म्हणजे जावेद खान त्याआधी महिनाभर, 14 फेब्रुवारीला. गुरू झालेले दिलीप धवन 2000 मध्येच. एवढेच लिहायला आलो होतो. आमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्या काळी प्रत्येकाला ‘नुक्कड’मधल्या कोणाचे तरी नाव पडलेले होते आणि खोपडी हे नाव मिळालेला गृहस्थ दारूला शिवतही नव्हता.

वाशीची रहिवासी

शफी इनामदार राहिले. मूळचे कोकणातले. 13 मार्च 1996 रोजी ते गेले, त्याच दिवशी कोलकात्याला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना होता आणि प्रेक्षकांनी जाळपोळ केल्यामुळे तो अर्धवट थांबवला गेला. आमच्या घरी दुसऱ्या दिवशी सगळी चर्चा त्या सामन्याची. ‘ये जो है ज़िंदगी’तला रणजीत गेला हे मला दोन दिवसांनी, रद्दीच्या गठ्ठ्यातले वर्तमानपत्र चाळताना समजले.

कळवा_नाका

आजच्या दैनंदिन मालिकांविषयीही एक मुद्दा. जुन्या मालिका तेरा किंवा सव्वीस भागांत संपत. नट जाई तेव्हा मालिका कधीच संपलेली असे. आता मालिका चालू असतानाच माणूस जातो. 16 ऑगस्ट 2025 रोजी ज्योती चांदेकर गेल्या तेव्हा ‘ठरलं तर मग’मधली पूर्णा आजी प्रेक्षकांच्या घरात रोज रात्री येत होती. कोरोनाकाळात आशालता वाबगावकर यांना तर मालिकेच्या चित्रीकरणादरम्यानच संसर्ग झाला आणि 22 सप्टेंबर 2020 रोजी साताऱ्यात त्यांचे निधन झाले.

अशा वेळी पात्रालाही मारावे की दुसरा चेहरा आणावा, यावर माझ्या सासूबाईंचे मत ठाम आहे. दुसरी कोणीही आली तरी पहिला आठवडाभर त्या तिच्याशी बोलत नाहीत. त्या खरोखरच पडद्याशी बोलतात, म्हणून ‘बोलत नाहीत’ हे इथे शब्दशः घ्यावे. माझे स्वतःचे मत असे की चेहरा बदलणे अधिक प्रामाणिक आहे. नटीच्या मरणाचा उपयोग करून कथेत चार दिवसांचे रडे मिळवणे मला पटत नाही.

नौपाडाकर (ठाणे)

कळवा_नाका, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. तुमच्या आणि त्यांच्या मतांत मी सासूबाईंच्या बाजूने.

एक नाव अजून घालतो. जयंत सावरकर, म्हणजे सर्वांचे अण्णा, 24 जुलै 2023 रोजी ठाण्यात गेले. शंभरावर नाटके, 2017 च्या उस्मानाबादच्या नाट्य संमेलनाचे अध्यक्षपद, मामा पेंडसे यांचे जावई, हे सगळे सर्वत्र छापून आले आहे. मालिकांत त्यांच्या वाट्याला बहुधा दोन-चार प्रसंगांचे आजोबा, भटजी, शेजारी येत. त्या दोन प्रसंगांत ते हातातल्या वस्तूचा जो उपयोग करत, तो अभिनय शिकणाऱ्यांनी पाहावा. छत्री असली तर ती कुठे ठेवायची याची त्यांना पडद्यावर खरोखर चिंता वाटत असे, आणि मुख्य नायक बोलत असताना आपले लक्ष त्या छत्रीकडे जाई.

आपल्या शहरात हिरानंदानी मेडोजच्या नाट्यगृहाला काशिनाथ घाणेकरांचे नाव आहे आणि तलावपाळीच्या रंगायतनाला गडकऱ्यांचे. दूरचित्रवाणीच्या कलावंताच्या नावाने ठाण्यात वा नवी मुंबईत काही असल्यास कृपया इथे लिहावे. मला आठवत नाही.

जुनी_फीत, ‘गजरा’चे जे प्रवेश तुम्हांला आठवतात ते नटांच्या नावांसह लिहायला घ्या. अर्धवट आठवत असले तरी चालतील, बाकीचे इथले कोणी ना कोणी पुरे करील.

जुनी_फीत (कोपरी)

घेतो. रविवारी बसतो. थोरल्या बहिणीला डोंबिवलीहून बोलावले आहे, तिचे पाठांतर माझ्यापेक्षा चांगले आहे.